लसावि काढताना नेमकं कुठे चुकतं: पहिल्या शब्दापासून ताळ्यापर्यंत

१२, १५ आणि २० यांचा लसावि (लघुत्तम सामाईक विभाज्य) किती? हा प्रश्न दिला की वह्यांमध्ये हमखास तीन उत्तरं सापडतात: १, ३६०० आणि ६०. पहिलं उत्तर लिहिणाऱ्याने मसावि (महत्तम सामाईक विभाजक, म्हणजे सगळ्यांना पूर्ण भागणारी सर्वांत मोठी संख्या) काढलेला असतो. दुसऱ्याने तिन्ही संख्यांना एकदम भाग जाईल असा आकडा शोधला, तो मिळाला नाही म्हणून तिन्हींचा सरळ गुणाकार करून टाकला. तिसरं उत्तर बरोबर आहे. पण ते लिहिणाऱ्याला ‘यापेक्षा लहान नाहीच, हे कशावरून?’ असं विचारलं की बहुतेक वेळा तोही थांबतो.

यातल्या कुणालाच गुणाकार-भागाकार येत नाही असं नसतं. गडबड होते ती आकडेमोड सुरू होण्याआधी किंवा ती संपल्यानंतर. म्हणून या लेखात मी रीतींइतकाच वेळ तयारी आणि ताळा यांवर घालवणार आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. घाईत दुसरा टप्पा वगळला की तिसऱ्यात दुप्पट वेळ जातो.

टप्पा १: नाव उलट्या बाजूने वाचा

लघुत्तम सामाईक विभाज्य. यातला ‘लघुत्तम’ हा शब्द पहिला कानावर पडतो आणि मन लहान संख्या शोधू लागतं. म्हणून नाव शेवटाकडून वाचा.

विभाज्य: ज्या संख्येला भाग जातो ती. ६ चे विभाज्य म्हणजे ६, १२, १८, २४… म्हणजे सहाचा पाढा, तोही दहावर न थांबणारा.

सामाईक: दिलेल्या सगळ्या संख्यांच्या पाढ्यांत येणारी. ६ आणि ८ यांच्या पाढ्यांत २४, ४८, ७२… या संख्या दोन्हीकडे आहेत.

लघुत्तम: त्या सामाईक संख्यांमधली सर्वांत लहान. इथे २४. (० ला कोणत्याही संख्येने भाग जातो, पण त्याचा काही उपयोग नाही, लसावि नेहमी शून्यापेक्षा मोठ्या संख्यांमधूनच घ्यायचा.)

म्हणजे ‘लघुत्तम’ हा शब्द मोठ्या संख्यांच्या रांगेतली पहिली संख्या दाखवतो. यातून एक फुकटची कसोटी मिळते: लसावि दिलेल्या संख्यांपैकी सर्वांत मोठ्या संख्येपेक्षा कधीही लहान नसतो आणि सगळ्यांच्या गुणाकारापेक्षा कधीही मोठा नसतो. मसावि मात्र सर्वांत लहान संख्येपेक्षा मोठा होऊ शकत नाही. १२, १५, २० चं उत्तर १ आलं, तर दुसरी ओळ न वाचताही ते खोडता येतं.

विभाज्य कोण आणि विभाजक कोण, यात गोंधळ होत असेल तर आपल्या भाषेचीच मदत घ्या. ‘१२ ला ४ ने भाग जातो.’ ज्याला ‘ला’ लागतो तो विभाज्य, ज्याला ‘ने’ लागतो तो विभाजक. शाब्दिक उदाहरणांत हेच दोन प्रत्यय निर्णय देतात:

‘१२, १५ आणि २० या तिन्ही संख्यांनी पूर्ण भाग जाईल अशी लहानात लहान संख्या’: दिलेल्या संख्यांना ‘नी’ लागला, म्हणजे त्या विभाजक आहेत. शोधायचा तो विभाज्य. लसावि काढा.

‘१२, १५ आणि २० या तिन्ही संख्यांना पूर्ण भागेल अशी मोठ्यात मोठी संख्या’: दिलेल्या संख्यांना ‘ना’ लागला. शोधायचा तो विभाजक. मसावि काढा.

सावधान: ‘लहानात लहान’ किंवा ‘मोठ्यात मोठी’ एवढंच वाचून निर्णय घेऊ नका. ‘चार अंकी मोठ्यात मोठी संख्या, जिला १२, १५ आणि १८ ने पूर्ण भाग जातो’ यात ‘मोठ्यात मोठी’ आहे, तरी काम लसाविचंच आहे. १२, १५, १८ चा लसावि १८०; ९९९९ ला १८० ने भागल्यावर बाकी ९९ उरते; ९९९९ − ९९ = ९९००. हे उत्तर.

टप्पा २: आकडेमोडीआधी संख्या नीट करून घ्या

एकक एकच करा. ४५ मिनिटं आणि १ तास १५ मिनिटं यांचा लसावि हवा असेल, तर आधी ४५ आणि ७५ लिहा. लसावि २२५ मिनिटं, म्हणजे ३ तास ४५ मिनिटं. ‘१ तास १५ मिनिटं’ म्हणजे १.१५ असं धरून दशांश चिन्ह लावलं की पुढचं सगळं वाया जातं.

फालतू संख्या गाळा. एखादी संख्या दुसरीचा विभाजक असेल, तर लहान संख्या खोडून टाका. ४, ९, १२, १८, ३० असा प्रश्न असेल तर ४ ने १२ ला भाग जातो, ९ ने १८ ला. ज्या संख्येला १२ ने भाग जाईल तिला ४ ने जाणारच. उरले १२, १८, ३०. पाच संख्यांचं काम तीनवर आलं.

सावधान: खोडायची ती नेहमी लहान संख्या. मोठी खोडली तर उत्तर चुकतं. दोन संख्यांना एखादा अवयव सामाईक आहे म्हणूनही खोडू नका. १२ आणि १८ दोन्हींना ६ ने भाग जातो, पण १२ ने १८ ला जात नाही, म्हणून दोन्ही राहतात.

मूळ संख्येचं सोंग घेणाऱ्या संख्या ओळखून ठेवा. मला वाटतं की अवयव पाडण्यातल्या निम्म्या चुका याच मोजक्या संख्यांमुळे होतात. या मूळ वाटतात, पण नाहीत:

५१ = ३ × १७
५७ = ३ × १९
८७ = ३ × २९
९१ = ७ × १३
११९ = ७ × १७
१३३ = ७ × १९
१४३ = ११ × १३

एखादी संख्या मूळ आहे का, हे पाहायला सगळ्या संख्यांनी भागून बघायची गरज नसते. ज्या मूळ संख्येचा वर्ग दिलेल्या संख्येपेक्षा मोठा होतो, तिथे थांबा. ९७ साठी २, ३, ५, ७ पुरेत, कारण ११ चा वर्ग १२१, तो ९७ च्या पुढे गेला. चौघांनीही भाग जात नाही, म्हणून ९७ मूळ आहे.

टप्पा ३: संख्या बघून रीत निवडा

सगळ्या उदाहरणांना एकच रीत लावण्याचा हट्ट नको. चार रीती पुरतात, आणि कोणती केव्हा वापरायची हे संख्यांकडे बघून ठरतं.

पहिली रीत: मोठ्या संख्येचा पाढा. संख्या लहान असतील तर हीच घ्या. १२, १८, ३० साठी फक्त ३० चा पाढा म्हणा आणि प्रत्येक पायरीला बाकीच्यांनी भाग जातो का ते बघा. ३० नाही. ६० ला १२ ने जातो, १८ ने नाही. ९० ला १२ ने नाही. १२० ला १८ ने नाही. १५० नाही. १८० ला दोघांनीही जातो. उत्तर १८०. तिन्ही पाढे लिहून सामाईक संख्या शोधत बसणं हे वेळखाऊ तर आहेच, शिवाय एखादी संख्या नजरेतून सुटते.

दुसरी रीत: मूळ अवयव. संख्यांचे अवयव पटकन पडत असतील तर ही सर्वांत भरवशाची. ८४, ९०, १२० घेऊ.

८४ = २ × २ × ३ × ७
९० = २ × ३ × ३ × ५
१२० = २ × २ × २ × ३ × ५

आता प्रत्येक मूळ अवयवासाठी एकच प्रश्न विचारायचा: हा एका संख्येत जास्तीत जास्त किती वेळा आला? २ हा १२० मध्ये तीनदा. ३ हा ९० मध्ये दोनदा. ५ एकदा. ७ एकदा. म्हणून लसावि = २ × २ × २ × ३ × ३ × ५ × ७ = २५२०.

इथे दोन विरुद्ध दिशांच्या चुका होतात. काही जण तिन्ही ओळींतले सगळे २ मोजतात (दोन, एक आणि तीन मिळून सहा) आणि लसावि फुगवतात. काही जण तिन्ही ओळींत असलेले अवयवच घेतात, मग ७ गळतो आणि उत्तर मसावि होतं. का जास्तीत जास्त वेळा, हे एकदा पटलं की दोन्ही चुका थांबतात: १२० ने भाग जायला तीन २ लागतात. ते तीन आले की ८४ ला हवे असलेले दोन त्यांच्यातच आहेत. वेगळे आणायचे नाहीत.

तिसरी रीत: उभी मांडणी. शाळेत बहुतेकांची सवय हीच. त्याच संख्या घेऊ.

२ | ८४, ९०, १२०
२ | ४२, ४५, ६०
२ | २१, ४५, ३०
३ | २१, ४५, १५
३ | ७, १५, ५
५ | ७, ५, ५
  | ७, १, १

डावीकडचे सगळे आणि शेवटच्या ओळीतले सगळे आकडे गुणा: २ × २ × २ × ३ × ३ × ५ × ७ × १ × १ = २५२०.

या मांडणीत तीन नियम काटेकोर पाळावे लागतात, आणि तिन्ही मोडताना मी पाहिलेले आहेत.

एक, तिन्हींना भाग जाणारा आकडा संपला म्हणून थांबायचं नाही. कोणत्याही दोघांना भाग जात असेल तरी पुढे जायचं. ज्याला जात नाही तो तसाच खाली उतरवायचा. सुरुवातीला दिलेलं ३६०० हे उत्तर नेमकं इथेच जन्माला येतं: १२, १५, २० या तिन्हींना भागेल असा १ शिवाय कोणीच नाही. पण १२ आणि २० ला २ ने जातो, १२ आणि १५ ला ३ ने, १५ आणि २० ला ५ ने. मसावि काढताना मात्र तिन्हींना भाग जायलाच हवा. दोन्ही कामांसाठी मांडणी एकसारखी दिसते, म्हणून सरमिसळ होते.

दोन, डावीकडे मूळ संख्याच घ्यायची. मोठ्या आकड्याने भागलं की लवकर होईल असं वाटतं. १२, ३६, २८ ला पहिल्याच फटक्यात १२ ने भागून बघा: १, ३, २८. आता कोणत्याही दोघांत सामाईक काही नाही. १२ × १ × ३ × २८ = १००८. खरा लसावि २५२ आहे. १२ मधला ४ हा २८ मध्येही होता, पण २८ ला १२ ने भाग गेला नाही म्हणून तो ४ दुसऱ्यांदा मोजला गेला. भाजक सगळ्यांनाच लागू पडत असेल तर मोठा घेतलेला चालतो. पण सवय मूळ संख्येचीच ठेवा.

तीन, तळची ओळ विसरू नका. शेवटच्या ओळीत ७, १, १ असेल तर तो ७ गुणायचाच आहे. सगळीकडे १ येईपर्यंत भागत गेलात तर ही चूक होतच नाही. नवशिक्यांनी तसंच करावं.

चौथी रीत: मसाविमार्गे. अवयव दिसतच नाहीत अशा दोन मोठ्या संख्या आल्या की ही काढायची. ३९१ आणि ४३७ घ्या. मोठीला लहानने भागा, मग भाजकाला बाकीने भागत जा.

४३७ ÷ ३९१, बाकी ४६
३९१ ÷ ४६, बाकी २३
४६ ÷ २३, बाकी ०

ज्या भाजकाने बाकी ० आली तो मसावि, म्हणजे २३. दोन संख्यांचा गुणाकार = त्यांचा लसावि × मसावि. म्हणून लसावि = ३९१ × ४३७ ÷ २३. आधी भागा, मग गुणा: ३९१ ÷ २३ = १७, आणि १७ × ४३७ = ७४२९. आधी गुणलं तर सहा अंकी संख्येला भागत बसावं लागतं.

सावधान: हे सूत्र दोनच संख्यांसाठी आहे. ४, ६, १० चा गुणाकार २४०, मसावि २; २४० ÷ २ = १२०, पण खरा लसावि ६०. तीन संख्या असतील तर आधी दोघींचा लसावि काढा, मग त्याचा आणि तिसरीचा.

सरळ गुणाकार केव्हा चालतो? कोणत्याही दोन संख्या घेतल्या तरी त्या सहमूळ असतील, म्हणजे त्यांच्यात १ शिवाय सामाईक विभाजक नसेल, तेव्हाच. ८, ९, २५ साठी चालतो: १८००. ६, १०, १५ साठी चालत नाही. तिन्हींचा मिळून मसावि १ आहे हे खरं, पण जोड्या सहमूळ नाहीत. गुणाकार ९०० आणि लसावि ३०. सहमूळ संख्यांचा लसावि किती दूर पळतो याचा उपयोग दातेरी चाकं बनवणारे करून घेतात. २४ आणि ४० दात्यांची जोडी असेल तर दर १२० दात्यांनी, म्हणजे लहान चाकाच्या ५ फेऱ्यांनी, तेच दोन दाते पुन्हा भिडतात. ४० ऐवजी ४१ केले की लसावि ९८४ होतो, त्यासाठी लहान चाकाच्या ४१ फेऱ्या लागतात आणि झीज सगळ्या दात्यांवर वाटली जाते.

टप्पा ४: ताळा दोन्ही बाजूंनी करा

बहुतेक जण एकच ताळा करतात: उत्तराला सगळ्या संख्यांनी भाग जातो का? एवढ्याने उत्तर सामाईक विभाज्य आहे इतकंच कळतं. ३६०० ही परीक्षा आरामात पास होतं.

दुसरा ताळा हवाच: उत्तराला प्रत्येक संख्येने भागून आलेले भागाकार लिहा आणि त्या सगळ्या भागाकारांचा मसावि बघा. तो १ असेल तरच उत्तर लघुत्तम आहे.

२५२० साठी: २५२० ÷ ८४ = ३०, २५२० ÷ ९० = २८, २५२० ÷ १२० = २१. इथे नीट बघा. ३० आणि २८ मध्ये २ सामाईक आहे, २८ आणि २१ मध्ये ७, ३० आणि २१ मध्ये ३. तरी तिघांनाही एकदम भागणारा कोणी नाही. म्हणून उत्तर बरोबर. या ताळ्यात जोड्या बघायच्या नसतात, सगळे एकत्र बघायचे असतात.

हा ताळा चूक दाखवतो आणि दुरुस्तही करून देतो. ३६०० ला १२, १५, २० ने भागलं की ३००, २४०, १८०. यांचा मसावि ६०. ३६०० ÷ ६० = ६०, हाच खरा लसावि. वरच्या १००८ चे भागाकार ८४, २८, ३६; मसावि ४; १००८ ÷ ४ = २५२. कारण साधं आहे: सगळ्या भागाकारांना ४ ने भाग जात असेल, तर मूळ उत्तर ४ ने भागून लहान केलं तरी सगळ्यांनी भाग जात राहणार.

टप्पा ५: अपूर्णांक आणि दशांश

अपूर्णांकांचा लसावि = अंशांचा लसावि ÷ छेदांचा मसावि. ३/४ आणि ५/६ साठी १५ ÷ २, म्हणजे साडेसात. ताळा: साडेसातमध्ये ३/४ दहा वेळा, ५/६ नऊ वेळा, १० आणि ९ सहमूळ. आधी अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात आणणं सक्तीचं आहे. २/४ आणि १/३ तसेच ठेवले तर उत्तर २ येतं. १/२ आणि १/३ केल्यावर १ येतं, आणि तेच बरोबर.

दशांश असतील तर सगळ्या संख्यांना एकाच संख्येने गुणा. ०.६, १.५, ०.२५ ला १०० ने गुणून ६०, १५०, २५, लसावि ३००, परत १०० ने भागून ३. नुसती चिन्हं पुसून ६, १५, २५ लिहिलं की संख्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाणच बिघडतं.

टप्पा ६: शाब्दिक उदाहरणातलं अंतर नीट मोजा

‘दर तीन दिवसांनी’ आणि ‘तीन दिवसांआड’ एकच नाहीत. दिवसाआड म्हणजे मधला एक दिवस सोडून, अंतर २. दोन दिवसांआड म्हणजे अंतर ३, तीन दिवसांआड म्हणजे अंतर ४. एक काम दोन दिवसांआड, दुसरं तीन दिवसांआड होत असेल तर ती दोन्ही १२ दिवसांनी एकत्र येतात, ६ दिवसांनी नाही.

किती दिवसांनी आणि किती वेळा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तीन दिवे अनुक्रमे १८, २४, ४० सेकंदांनी लुकलुकतात आणि सहा वाजता एकत्र लुकलुकले. लसावि ३६० सेकंद, म्हणजे ६ मिनिटं. पुढची वेळ सहा वाजून सहा मिनिटं. पण सात वाजेपर्यंत किती वेळा? ६० ÷ ६ = १०, त्यात सहा वाजताची पहिली वेळ मिळवून ११. सुरुवातीची वेळ धरायची की नाही, हे प्रश्नातल्या शब्दांवरून ठरवा.

बाकी सारखी असेल तर मिळवा. ६, ८, ९ ने भागल्यावर दर वेळी ५ उरतात: लसावि ७२, उत्तर ७७. काटेकोर बोलायचं तर ५ ही संख्याच ही अट पाळते, म्हणून चांगल्या प्रश्नात ‘दोन अंकी’ असं म्हटलेलं असतं. बाक्या ४, ६, ७ अशा वेगळ्या असतील तर भाजक आणि बाकी यांतला फरक बघा. तो दर वेळी २ आहे, म्हणून ७२ − २ = ७०.

आणि शेवटची तपासणी, जी जवळपास कोणीच करत नाही: सगळे खरंच एकत्र सुरू झाले होते का? एक दिवा दर ६ सेकंदांनी आणि दुसरा दर ८ सेकंदांनी लुकलुकतो, पण दुसरा १ सेकंद उशिरा सुरू झाला, तर ते कधीच एकत्र लुकलुकणार नाहीत. पहिला नेहमी सम सेकंदाला, दुसरा नेहमी विषम. तिथे २४ लिहिणं चूक आहे. सुरुवातीतल्या फरकाला दोन अंतरांच्या मसाविने, इथे २ ने, पूर्ण भाग गेला तरच भेट होते. तोच दिवा २ सेकंद उशिरा सुरू केला तर ते १८ व्या सेकंदाला भेटतात, आणि तिथून पुढे दर २४ सेकंदांनी: ४२, ६६, ९०.